मक्याचं पाणी आणि मक्याचा युरिया: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, भोकरदन, जाफराबाद या पट्ट्यात खरिपात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मकाच मका दिसतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर जातो, उजवा १३२; पण दोन्ही पैठणहून खाली निघतात. वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाट्याला विहीर, बोअर, एखादा पाझर तलाव आणि आभाळ. म्हणून इथे कुणी "युरिया किती टाकू?" असं विचारलं की मी आधी "पाणी किती आहे?" असं विचारतो. काहींना हा फाटा फोडल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याला उत्तरच नाही. पारावर, खताच्या दुकानाच्या ओट्यावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली दिले आहेत. तुमच्या रानात आज जी अडचण असेल ती आधी वाचा.

जास्त युरिया दिला की मका जास्त पाणी पितो, हे खरं का?

खरं आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. युरियातलं नत्र मिळालं की पानं रुंद होतात, संख्येनेही वाढतात आणि पानांतून उडणारं पाणी वाढतं. मात्र शेतातलं सगळं पाणी काही पानांतून जात नाही. ओळींमधली उघडी माती उन्हात तापते आणि त्या ओलीची नुसती वाफ होते. मक्याच्या हंगामात पाण्याचा तिसरा-चौथा हिस्सा असाच मातीतून उडतो, पीक विरळ असेल तर त्याहून जास्त. नत्र पोचलेला मका लवकर दाटतो, मातीवर सावली धरतो आणि ही वाफ कमी करतो. म्हणजे एका बाजूने खर्च वाढला, तर दुसऱ्या बाजूने वाचलाही.

समजावण्यापुरता हिशेब मांडतो. समजा, नत्र न दिलेल्या एकरभर मक्याने हंगामात ४०० मिलिमीटर पाणी वापरलं आणि १२ क्विंटल दिले. शेजारच्या एकराला बेताने नत्र दिलं. त्याने ४४० मिलिमीटर वापरलं आणि २५ क्विंटल दिले. पहिल्या रानात एक किलो दाण्याला सुमारे १,३५० लिटर पाणी गेलं, दुसऱ्यात सुमारे ७१० लिटर. पाणी एक दशांशाने वाढलं, माल दुपटीला गेला. उपाशी ठेवलेला मका पाणी वाचवत नाही. तो ते पितो आणि कणसात काही उतरवत नाही.

हे गणित जुळतं कधी? तुरा येताना आणि दाणा भरताना ओल टिकून असेल तेव्हाच. ती नसेल तर उलटं होतं. त्याबद्दल पुढे.

मक्याला एकूण पाणी किती लागतं? मिलिमीटरमध्ये नको, मोटारीच्या तासांत सांगा.

मिलिमीटर एकदाच समजून घ्या, मग सगळं सोपं आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी उभं केलं तर ते साधारण ४,००० लिटर भरतं. मध्यम कालावधीच्या मक्याला हंगामभरात ५०० ते ८०० मिलिमीटर लागतात, हा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ठोकताळा आहे. खरिपात ढगाळ, दमट हवेमुळे गरज खालच्या टोकाला राहते. उन्हाळी मका वरचं टोक गाठतो. म्हणजे एकराला किमान २० लाख लिटर. खरिपात त्यातलं बहुतेक पाऊसच देतो.

आता मोटार. सेकंदाला ५ लिटर पाणी काढणारी मोटार तासाला १८,००० लिटर देते. ६० मिलिमीटरची एक भरणी म्हणजे एकराला जवळपास २ लाख ४३ हजार लिटर, म्हणजे साडेतेरा तास. आठ तास लाईट धरली तर पावणेदोन दिवस, आणि मातीचा दांड लांब असेल तर त्यात जिरणारं पाणी वेगळं. विहिरीला दिवसाला चारच तास पाणी येत असेल तर तीन-साडेतीन दिवस एका एकरात अडकता. पाच एकर मका लावायचा बेत याच कागदावर तपासावा, पेरणीआधी.

माझ्याकडे पाण्याच्या दोनच पाळ्या आहेत. कधी देऊ?

पहिली तुरा बाहेर पडताना, दुसरी दाणा दुधात असताना. यात फार घोळ घालू नका.

शिफारशीत चार अवस्था सांगतात: २५-३० दिवसांची रोपं, ४५-५० दिवसांना तुरा, ६०-६५ दिवसांना फुलोरा आणि ७५-८० दिवसांना दाणा भरणं. चारही पाळ्या शक्य असतील तर उत्तमच. पण ताण सगळ्या अवस्थांत सारखा बसत नाही. अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये काढलेल्या गुणकांनुसार, वाढीच्या काळात पाण्याची १० टक्के तूट पडली तर उत्पन्न सुमारे ४ टक्के घटतं. तीच तूट फुलोऱ्यात पडली तर १५ टक्के. पाणी तेवढंच चुकलं, नुकसान चौपटीच्या आसपास.

कारण साधं आहे. तुऱ्यातून पराग पडतो तो आठवडाभर. त्याच काळात कणसाचे केस बाहेर यायला हवेत. केस लांबायला पाणी लागतं. ताण असेल तर तुरा वेळेवर येतो, केस मागे राहतात आणि ते निघेपर्यंत पराग संपलेला असतो. मग कणीस सोलल्यावर दाणे विरळ, टोक रिकामं. दुकानदाराला बियाणं बोगस दिलं म्हणून बोल लावण्याआधी त्या आठवड्यात पाऊस कुठे होता ते आठवा. नत्र कमी पडलं तरी केस असेच उशिरा निघतात. दोन्ही एकदम कमी पडलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याकडचं दुखणं असं: जूनच्या मध्याला पेरलेला मका ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोऱ्यात येतो, आणि पावसाची ओढही बहुधा तेव्हाच पडते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ज्याने शेततळ्यात एका पाळीपुरतं पाणी राखलं होतं, त्याला त्या पाळीची खरी किंमत कळली.

रोपं लहान असताना थोडा ताण दिला तर चालतो का?

चालतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत हलका ताण बसला तर मुळं ओल शोधत खाली जातात आणि पुढे त्याचा फायदाच होतो. सतत वरवर भिजवलेल्या मक्याची मुळं आळशी होतात. पण ताण म्हणजे रोपं करपवणं नव्हे. दुपारी पानांची पुंगळी झाली आणि संध्याकाळी उलगडली तर ठीक. सकाळी आठलाही पुंगळीच दिसत असेल तर पाणी द्या.

एकराला युरिया किती, आणि किती वेळा?

हेक्टरी १२० ते १५० किलो नत्र हा शिफारशींचा पल्ला धरू. एकराला ते ४८ ते ६० किलो झालं. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि पोतं आता ४५ किलोचं, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. पेरणीला डीएपीचं एक पोतं दिलं असेल तर त्यातून ९ किलो नत्र आलंच. ते वजा करा. बहुतेक जण करत नाहीत. उरतं दोन ते अडीच पोत्यांचं काम.

वाटणी तीन हप्त्यांत: तिसरा हिस्सा पेरताना, तिसरा तीस दिवसांनी आणि तिसरा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पाण्याची हमी असलेल्या संकरित मक्याला एकरी ६० किलो धरलं तर नंतरचे दोन्ही हप्ते जवळपास एकेका पोत्याचे होतात, हे लक्षात ठेवायला सोपं.

सगळं एकदम का नको? पहिल्या महिन्यात मका जेमतेम दहावा हिस्सा नत्र उचलतो. गुडघाभर झाल्यावर त्याची भूक उघडते आणि फुलोऱ्यापर्यंत तो दोनतृतीयांश उचलून मोकळा होतो. पेरणीलाच सगळं टाकलं तर महिनाभर ते मातीत पडून राहणार, आणि जूनअखेरचा एखादा मोठा पाऊस ते घेऊन जाणार.

पावसाने ओढ दिली आहे. दुसऱ्या हप्त्याचा युरिया टाकू की थांबू?

रान उकरून बघा. वीतभर खाली मातीचा गोळा वळतो का? वळत असेल तर टाका, मातीआड करा आणि कोळपं फिरवा. वळत नसेल आणि विहिरीलाही पाणी नसेल तर पोतं घरात ठेवा. कोरड्या मातीतलं नत्र मुळाला मिळत नाही. नत्र मुळापर्यंत पोचतं ते पाण्याच्या पाठीवर बसून. वरून युरिया फेकला तर उन्हात त्याचा अमोनिया होऊन उडतो, आणि आपल्या चुनखडीच्या, आठच्या वरच्या सामूच्या (पीएचच्या) रानात तर जोरात उडतो. पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, हवेत जाऊ शकतो.

आमच्याकडचे जुने लोक सांगतात ते मला पटतं: पहिला हप्ता ठरलेला, दुसरा ओल बघून, तिसरा आभाळ बघून.

मात्र उलटी चूकही होते. खंड पंधरा दिवसांचा असतो, शेतकरी महिनाभर थांबतो. पाऊस येतो तोवर मका छातीभर झालेला असतो आणि पोतं कोपऱ्यात तसंच. थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. पाऊस पडून वापसा आला, म्हणजे चिखल न होता रानात काम करता येईल इतकं ते सुकलं, की त्याच दिवशी द्या.

आधी युरिया मग पाणी, की आधी पाणी मग युरिया?

यावर आमच्या घरातच एकमत नव्हतं. रान बघून उत्तर बदलतं.

युरियावर १०-१५ मिलिमीटरचं हलकं पाणी पडलं तर सर्वांत चांगलं. युरिया विरघळून बोटभर खाली जातो, उडतही नाही आणि वाहूनही जात नाही. तुषार संच असेल तर हे जमतं. पण सरीने पाणी सोडणाऱ्याला हलकं पाणी देताच येत नाही. सरी भरते तेव्हा साठ-सत्तर मिलिमीटर जातंच. ताजा युरिया मातीला चिकटत नाही, तो पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. म्हणून सरीचं पाणी असेल तर आधी पाणी द्या, वापसा येऊ द्या, मग ओळीपासून चार बोटं लांब युरिया पेरून मातीने झाका. मजुरी वाढते, हे मान्य. पण पोत्यातलं पाव हवेत सोडण्यापेक्षा ती परवडते.

एक आड एक सरी भिजवत असाल तर युरिया कोरड्या सरीच्या बाजूला द्या. भारी काळ्या रानात ओल आडवी पसरते, त्यामुळे कोरड्या बाजूच्या मुळांनाही ती मिळते आणि नत्र मात्र वाहून जात नाही. मुरमाड रानात हा प्रयोग करू नका, तिथे पाणी आडवं जात नाही.

माझं रान मुरमाड आहे, भावाचं काळं. दोघांनी सारखंच वागायचं का?

अजिबात नाही. वाटणीत रानं वेगवेगळी आली, तशी वागणूकही वेगळी.

भारी काळी माती मीटरभर खोलीत १५० ते २०० मिलिमीटर उपयोगी पाणी धरते. दोन फूट मुळं धरली तर साधारण १०० मिलिमीटर, आणि त्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यायचं. रोजचा खर्च ५ मिलिमीटर असेल तर दहा दिवसांनी पाळी येते. मुरमाड रान फूटभर खोल असेल तर त्यात सगळं मिळून २५-३० मिलिमीटर बसतं. निम्मं तीन दिवसांतच संपतं. तिथे साठ मिलिमीटर भरणी दिली तर अर्ध्याहून जास्त पाणी मुळांखाली निघून जातं आणि नायट्रेट सोबत घेऊन जातं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरून ठेवत नाही.

म्हणून मुरमाडात पाणी थोडं आणि वारंवार, नत्रही तीनऐवजी चार-पाच हप्त्यांत. काळ्या रानात भीती वेगळी. ते फार वाळू दिलं तर भेगा पडतात, आणि मग दिलेलं पहिलं पाणी भेगांतून थेट खाली जातं. भेगा बोटाएवढ्या व्हायच्या आत कोळपणी करून त्या बुजवा.

शेत उपळलं आहे आणि मका पिवळा पडला आहे. वरून युरिया टाकला तर हिरवा होईल का?

पाणी साचलेलं असताना टाकलेला युरिया वाया जातो. माती पाण्याखाली गेली की मुळांचा श्वास कोंडतो, आणि मातीतले जिवाणू प्राणवायूसाठी नायट्रेटच फोडतात. नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणजे मका पिवळा पडला तो नत्राविनाच, पण तुम्ही आणखी टाकलेलंही त्याच वाटेने जाणार.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वापसा येऊ द्या. मुळं अजून सावरलेली नसतात, म्हणून दोन टक्के युरियाची, म्हणजे दहा लिटरला २०० ग्रॅमची, एक फवारणी सकाळी किंवा उन्हं कलल्यावर द्या. चार-पाच दिवसांनी कोळपणी करून जमिनीतून अर्धा हप्ता. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात कित्येक रानांत पाणीच पाणी होतं. तिथे हा उपाय नव्हता. पण एरवीच्या दोन-तीन दिवसांच्या साचलेल्या पाण्यातून मका उठतो.

पिवळेपणा पाण्याचा की नत्राचा, हे कसं ओळखायचं?

नत्राचा पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर सुरू होतो. पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून आत सरकतो, त्यामुळे तिथे पाचरीसारखा पिवळा आकार दिसतो. कडा हिरव्या राहतात. कडाच आधी करपल्या असतील तर पालाश कमी पडलं का ते बघा. कोवळ्या पानांत शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे असतील तर जस्त. काळ्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचं आहे.

पाण्याच्या ताणात पान आधी पुंगळी करतं, रंग निळसर-राखाडी होतो. पिवळेपणा मागून येतो. आणि एक फसवं लक्षण: कोरड्या रानातही खालची पानं नत्राविना पिवळी पडल्यासारखी दिसतात, कारण मातीत नत्र असूनही पाण्याविना ते वर चढत नाही. अशा वेळी युरियाऐवजी पाणी दिलं की आठवड्यात रंग पालटतो. आम्ही एकदा घाईने पोतं टाकून बसलो होतो. नंतर पाऊस आला, मका हिरवागार झाला, आणि श्रेय सगळं युरियाला गेलं!

पाणी कमीच आहे. मग नत्र किती कमी करू?

मला विचाराल तर आधी क्षेत्र कमी करा. चार एकरांना अर्धं पाणी आणि अर्धं खत देण्यापेक्षा दोन एकरांना पुरतं द्या, उरलेल्यात कमी पाण्याचं काही घ्या. फुलोऱ्यात तुटलेलं पाणी चारही एकरांत दाणा मारतं. दोन एकरांत ते पुरलं तर निदान तिथलं पदरात पडतं.

पेरणी झालेलीच असेल तर अपेक्षित उत्पन्नावरून मोजा. एक क्विंटल मका पिकायला ताटं-पानं धरून दोन ते अडीच किलो नत्र लागतं. पाणी बघता एकरी पंधरा क्विंटलच येतील असं वाटत असेल, तर २५ क्विंटलचं खत टाकून उपयोग नाही.

उपयोग नाही एवढंच नव्हे, नुकसानही आहे. कोरडवाहू रानात सुरुवातीला भरमसाठ नत्र दिलं की मका अंगाने फोफावतो, जुलैतच जमिनीतली ओल ओढून घेतो आणि तुऱ्याच्या वेळी रान कोरडं ठणठणीत. शेजारचा फिकट, बुटका मका तेव्हा त्याच्यापेक्षा तग धरतो. लुसलुशीत पानांवर कीडही जास्त येते. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या मानगुटीवर आहे, तिला आणखी आमंत्रण कशाला?

ठिबक बसवलं तर मक्याला पाणी कमी लागतं ना?

शेताला कमी लागतं, मक्याला नाही. हा फरक ठिबकवाला सांगत नाही. दांडातली गळती, मुळांखाली जाणारं पाणी आणि उघड्या मातीची वाफ, या तीन ठिकाणी ठिबक वाचवतं. पान जेवढं पाणी उडवायचं तेवढं उडवतंच. म्हणून ठिबक आल्यावर वाचलेल्या पाण्यावर दोन एकर वाढवले की विहीर पूर्वीइतकीच तळाला जाते, किंवा अधिक लवकर.

नत्राच्या बाबतीत मात्र ठिबकाला तोड नाही. तीन हप्त्यांऐवजी आठ-दहा छोटे हप्ते देता येतात आणि नत्र मुळाशी, ओलीतच राहतं. एक चूक सर्रास होते: खताची टाकी आधी सोडतात आणि मग चार तास नुसतं पाणी चालतं. सगळा युरिया मुळांच्या खाली जातो. आधी साधं पाणी सोडा, शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात खत सोडा आणि नळ्या धुवायला दहा-पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी.

बाटलीतल्या नॅनो युरियाने पोतं वाचतं का?

हिशेब तुम्हीच करा. सुरुवातीच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं; ५०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम. पोत्यात २० किलो. नंतर जास्त तीव्रतेच्या बाटल्या आल्या तरी हिशेब ग्रॅमातच राहतो. फवारणीने पान तरतरीत दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण २५ क्विंटलला लागणारं ५०-६० किलो नत्र बाटलीतून येणार नाही.

विहिरीच्या पाण्यातूनही नत्र मिळतं, असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि ते आपलंच खाली गेलेलं नत्र आहे. आपल्याकडचा बेसाल्ट खडक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. शेतातून झिरपलेलं नायट्रेट तिथे पोचायला फार अडथळे नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. समजा तुमच्या विहिरीत बरोबर तेवढंच आहे आणि रब्बीच्या मक्याला त्यातून तुम्ही ३०० मिलिमीटर पाणी दिलं. एकराला सुमारे १२ किलो नत्र नुसत्या पाण्यातून गेलं. अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त! पाणी तपासून घ्या. तेवढा युरिया कमी करता येतो. आणि त्याच विहिरीचं पाणी घरात पीत असाल तर अहवाल आधी त्यासाठी वाचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मर्यादेवरचं पाणी देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाटतं.

शेणखत आणि धाटांचं आच्छादन केलं तर?

शेणखत हेक्टरी १०-१२ टन मिळालं तर घालाच. नत्र थोडं, पण ओल धरण्याची ताकद मोठी. आच्छादनाने मातीची वाफ चांगलीच अडते. मात्र वाळलेली धाटं कुट्टी करून मातीत मिसळली तर ती कुजवणारे जिवाणू आधी मातीतलंच नत्र खातात आणि मका काही आठवडे पिवळा राहतो. वर पसरली तर हा त्रास कमी. मिसळायचीच असतील तर पेरणीच्या बऱ्याच आधी मिसळा, जाळू तर नकाच.

रब्बी बरा की उन्हाळी?

पाण्याचा विचार केला तर रब्बी, १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरची पेरणी. हवा थंड, वाफ कमी, सूर्यप्रकाश स्वच्छ. उन्हाळी मका एप्रिलच्या उन्हात सापडला तर रोजचा खर्च ७-८ मिलिमीटरच्या घरात जातो, आणि तेव्हाच विहिरी तळ दाखवतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तो हा महिना. हिरव्या चाऱ्यासाठी दहा-वीस गुंठे वेगळी गोष्ट.

पावसाअभावी मका वाळत चालला आहे. जनावरांना घालू का?

जपून. ताणात सापडलेल्या आणि भरपूर युरिया दिलेल्या मक्याच्या खालच्या धाटात नायट्रेट साचतं. मूळ ते उचलतं, पण वाढ थांबल्यामुळे पान ते वापरत नाही. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. धाप लागते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, जनावर दगावतंही. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते ते विष वेगळं, हे वेगळं. मोठ्या खंडानंतर पाऊस पडला की लगेचचे चार-पाच दिवस सर्वांत धोक्याचे. तेव्हा कापू नका. कापताना खालचं वीतभर धाट रानातच सोडा, कोरड्या वैरणीत मिसळून थोडं थोडं घाला. मुरघास केला तर नायट्रेट बरंच उतरतं, पण महिनाभर तरी खड्डा उघडू नका. लक्षणं दिसली तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

शेवटचं पाणी कधी तोडायचं?

कणीस मधून मोडा आणि दाण्यावरची रेषा बघा. वरचा कडक पिवळा भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यामधली ती रेषा रोज थोडी खाली सरकते. ती अर्ध्यावर आली असेल आणि काळ्या रानात ओल असेल तर पुढची पाळी देऊ नका. मुरमाड रानात एक हलकं पाणी अजून लागेल. दाणा काढून त्याच्या बुडाशी नखाने खरवडल्यावर काळा थर दिसला की दाणा भरून झाला. त्यात तेव्हा तीस टक्क्यांच्या वर पाणी असतं, पण ते वाळवायचं पाणी आहे. त्यानंतर सोडलेली मोटार मक्यासाठी चालत नाही. ते पाणी हरभऱ्याला ठेवा.